राखून ठेवलेला आवाज

अमरावती,
३ ऑक्टोबर २०२३

ती. लीलामावशीस, वर्षालीचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या निर्णयाविषयी मी काही लिहावे एवढे माझे वय नाही आणि तसा अधिकारही नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही लिहीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. डॉक्टरांनी तुला कमी बोलायला सांगितले आहे. मी फोन केला तर तू बोलल्यावाचून राहणार नाहीस, म्हणून हे पत्र.

शस्त्रक्रिया येथेच, सोमवारी, ३० ऑक्टोबरला सकाळी आहे. डॉक्टरांनी मला पुन्हा एकदा समजावून सांगितले, की गाठ पूर्ण काढायची तर स्वरयंत्रही काढावे लागेल. जिवाला त्यामुळे मोठा आधार मिळेल, परंतु त्यानंतर तुझा आवाज राहणार नाही. भगवंतकाका हे ऐकताना खिडकीकडे पाहत होते. तू मात्र "मंग संत्रे तोडाले बायांना हाका कोन मारन?" असे विचारून नर्सला हसवलेस.

मावशी, खुशीताईला हे कळायला नको का? ती तुझी एकुलती एक मुलगी आहे. ती पातूरला, तू शेंदूरजनाघाटला, आणि जूनपासून तिच्याजवळ फोन नाही. सासरी गरोदरपणात फोन बंद केला आहे. तीस तारखेनंतर तिने फोन हातात घेतला तरी तुला तिच्याशी बोलता येणार नाही. तू परवानगी दिलीस तर मी तिच्या सासूबाईंना, मनकर्णाकाकूंना, खरे कारण कळवते.

तुझी,
वर्षाली


शेंदूरजनाघाट
६ तारीख

चि. वर्षालीले लीलामावशीचा आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. तू पत्र लिहितं का कोर्टाची नोटीस धाडतं वं पोरी? तुया काकाले वाटलं जमिनीचं काही निघालं.

खुशीले काही सांगाचं नाई. तिच्या सासूलेही नाई, जावाई देवानंदलेही नाई. मागच्या डावाले पाचव्या महिन्यात काय झालं ते तू पाह्यलं. आता सातवा लागला. तिनं आईले गाठ हाय ऐकलं अन् तिले काही झालं तं मी गळा वाचवून काय करू? तुले खुशीची शपथ हाय.

पण एक काम कर. ऑपरेशनाच्या आंधी मले तिच्याशी एक डाव बोलू दे. दुसरं काही नाई, जेवली का, पाय सुजले का, असंच. मी देवानंदच्या फोनवर लावते तं इहीनबाई बोलते, भल्या बाई हाय, पण मले तिचं काय कराचं? तू शिकलेली हायस. पेपरात तुयं नाव येते. फोनानं काही होत नाई हे तू त्यायले पटवून दे. मी दिवसभर तोंड बंद ठेवून राहिली. आवाज राखून ठेवला तिच्यासाठी. तुया काका म्हणते, लग्नाले तीस वर्षं झाले, एवढी शांतता आजच भेटली.

मावशी


अमरावती,
८ ऑक्टोबर २०२३

ती. मनकर्णाकाकूंस, कु. वर्षालीचा सा. न. वि. वि.

आपण मला खुशीताईच्या लग्नात पाहिले असेल. मी तिची मावसबहीण. सध्या येथे विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या घरच्या गोष्टीत बोलणे माझ्यासारखीला शोभत नाही, तरी एक विनंती करते.

खुशीताईचा फोन आपण तिच्या प्रकृतीसाठीच बंद ठेवला आहे, हे मी जाणते. मात्र मोबाइलच्या लहरींविषयी जे ठाऊक आहे ते आपल्यासमोर मांडावेसे वाटते. या लहरी क्ष-किरणांसारख्या शरीराच्या आतली घडण मोडणाऱ्या नाहीत. फार तीव्र असतील तर त्या शरीर तापवतात. ज्या पातळीला असा ताप इजा करू लागेल, तिच्या पन्नासाव्या भागावर सामान्य माणसांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आखली आहे. टॉवरच्या बाबतीत आपल्या देशाने त्या मर्यादेचाही दहावा भाग धरला. हातातल्या फोनसाठीही मर्यादा आहे: शरीराच्या एका किलोमागे १.६ वॉट, आणि तीही अगदी एकेका ग्रॅमवर मोजून. शिवाय फोन शरीरापासून थोडा दूर नेला तरी ही तीव्रता झपाट्याने उतरते. दीर्घकाळच्या परिणामांवर अभ्यास अजून चालू आहेत, हे मी लपवत नाही. परंतु आईशी पाच मिनिटे बोलल्याने बाळाला अपाय होतो, असे कोणत्याही अभ्यासातून दिसलेले नाही.

म्हणून या महिन्यात एकदा तरी तिला लीलामावशीशी बोलू द्यावे, एवढीच प्रार्थना. कमीजास्त लिहिले असल्यास क्षमा असावी.

आपली नम्र,
वर्षाली


पातूर
१४ ऑक्टोबर

वर्षालीले मनकर्णाबाईचा आशीर्वाद.

पत्र वाचलं. चवथी शिकली मी, पण अक्षर तुयं मोत्यावानी हाय म्हणून वाचता आलं. राग आला नाई, भेऊ नको.

आता मायं ऐक. एक म्हणते पन्नासावा भाग धरा. दुसरा म्हणते त्याचाही दहावा धरा. काही भेवच नसतं तं हे शहाणे लोक एवढे मांगं मांगं कावून सरकले? आमी गुलाबावर औषध मारतो तं डब्यावर लिहून असते इतकंच टाका. तरी मी खुशीले फवाऱ्याच्या दिवशी मळ्यात येऊ देत नाई.

अन् दुसरं. जूनमधी तुयाच नावाचा लेख पेपरात आला होता. देवानंदनं अकोल्याहून आणला, फोटो पाहून आम्हाले आनंद झाला. त्यात शेवटी तूच लिहिलं, "म्हणून येणाऱ्या पिढीसाठी, निदान गर्भवती मातांनी तरी, हे यंत्र स्वतःपासून दूर ठेवावे, यातच शहाणपण आहे." मंग तवा खोटं लिहिलं का आता खोटं लिहून राहिली? जे असन ते सांग.

मागच्या डावाले पोर गेलं तवा मी खुशीले न्हाऊ घातलं. ते मलेच ठाऊक. मी तिचा जेलर नाई वं. तिच्या आईचा फोन आला का मी बोलून घेते, अन् तिले येऊन सगळं सांगते. विहीणबाईचा घसा बसला वाटते, त्यायले ज्येष्ठमध चघळाले सांग.

मनकर्णाबाई


अमरावती,
१७ ऑक्टोबर २०२३

ती. मनकर्णाकाकूंस सा. न. वि. वि.

आपला प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर देताना मला लाज वाटते.

त्या लेखात मर्यादांची सर्व माहिती मी तपासून लिहिली होती. शेवटचे वाक्य तपासले नव्हते. आम्हाला शाळेत पहिल्यापासून शिकवले गेले, की निबंध नुसत्या माहितीवर थांबवू नये. अखेरीस समाजाला काही बोध द्यावा, त्याला दोन गुण असतात. मला ते दोन गुण नेहमी मिळत आले. सगळे लिहून झाल्यावर समारोप कोरडा वाटला, म्हणून 'येणारी पिढी' आणि 'माता' हे शब्द मी शोभेसाठी आणले. कोणी फोन खरोखर बाजूला ठेवील, असे मनातही आले नाही. ते वाक्य आधारावाचून होते. ते माझे होते, विज्ञानाचे नव्हते.

मागे सरकण्याविषयी म्हणाल तर, विहिरीभोवतीचे कुंपण कोणी फार लांबून घातले म्हणून विहीर रुंद होत नाही. मर्यादा म्हणजे असे लांबवरचे कुंपण आहे. त्यापलीकडे पाऊल पडताच खड्डा नसतो.

तरीही आपल्या मनाला शंका नको, म्हणून असे करता येईल. देवानंदभाऊजींचा फोन स्पीकर लावून ओसरीतल्या दुसऱ्या खाटेवर ठेवावा आणि खुशीताईने या खाटेवरून बोलावे. फक्त रेंज चांगली असलेली जागा निवडावी. रेंज कमी असते तेव्हा फोनला अधिक जोर लावावा लागतो.

काकू, हे लवकर व्हावे. याच महिन्यात व्हावे. लीलामावशीला तिचा आवाज ऐकण्याची फार ओढ लागली आहे. याहून अधिक मला लिहिता येत नाही.

आपली नम्र,
वर्षाली


पातूर
२२ ऑक्टोबर

लाडक्या वर्षालीला,

तुझी दोन्ही पत्रं मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, मला वाचायला दिली. कुंपण अन् विहीर वाचून त्या देवानंदला म्हणाल्या, "पोरगी बोलाले भेते, पण लिहिते कशी पाय." तुला शाबासकी आहे बरं ती. त्यांच्या तोंडून मला तीन वर्षांत एकदाच मिळाली, पुरणपोळीसाठी.

पण बाई, तू मामींवर उगाच आळ घेतला. फोन त्यांनी नाही काढून घेतला. मीच दिला. तुझा लेख वाचला त्याच दिवशी बंद केला अन् त्यांच्या कपाटात ठेवायला सांगितलं, मला मोह होऊ नये म्हणून. पेपरातलं दुसऱ्या कोणाचं असतं तर मी अर्धं सोडून दिलं असतं. तू लिहिलं होतं. लहानपणी माझी गणितं तू सोडवायची, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असून मी ती उतरवायची. तुझं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. मागच्या वेळी मी रात्रंदिवस फोनवर असायची. मला वाटलं, हेच असेल. कारण सापडलं म्हणून बरंही वाटलं.

आता तू म्हणतेस ते वाक्य शोभेचं होतं. मी रागावली नाही. थोडी रडली, मग हसली.

आता ऐक. मामी तयार झाल्या! ८ नोव्हेंबरला माझं डोहाळजेवण आहे. त्या दिवशी ओसरीत दोन खाटा टाकून, तू सांगितलं तसं, आईशी बोलायचं ठरलं. सगळ्या बायांसमोर आई गाणं म्हणणार, असं मामींनी परस्पर ठरवून टाकलंय. आईला सांग, घसा सांभाळ, तेव्हा कामी येईल. ती माझ्यावर रुसली तर नाही ना, मी इतके दिवस बोलली नाही म्हणून? तिला सांग की पोरगं लाथा मारतं अन् देवानंद म्हणतो, "आजीवर गेलं, एका जागी बसत नाई."

हे पत्र साध्या टपालानं टाकते. घाई नाही काही.

तुझी,
खुशीताई


पातूर
२ नोव्हेंबर

वर्षाली,

काल तुया काकायचा देवानंदले फोन आला. आता समजलं.

तुनं मले दोन पत्रं लिहिले. दोन्हीत लहरी, वॉट, कुंपण. माय आता बोलणार नाई, हे एक वाक्य नाई. पोरी, तू मले आकडे कावून सांगत बसली? मले कोणतं विज्ञान समजते? माय आजारी हाय एवढं लिहिलं असतं तं मी फोन खुशीच्या कानाले लावला असता. फोनच कायले, जीप करून तिले अमरावतीले आणलं असतं, गादीवर निजवून, हळूहळू.

तुले शपथ होती म्हणते तुये काका. शपथ मोडली असती तं पाप तुले लागलं असतं ना? लागू द्याचं होतं. पाप फिटते.

अन् मीही काय, डोहाळजेवणाचा मुहूर्त काढत बसली. घसा बसला म्हणून ज्येष्ठमध चघळा म्हटलं मी त्या बाईले फोनवर. त्या "हो" म्हणाल्या. माया जीव खाते ते.

खुशीले आज सकाळी सांगितलं. लय रडली, पण पोट बरं हाय, डॉक्टरीणबाईले दाखवलं. रविवारी आमी तिले घेऊन येऊन राहिलो. तू तिथं राहाजो. पळून जाऊ नको.

मनकर्णाबाई


अमरावती,
९ नोव्हेंबर २०२३

प्रिय खुशीताई,

रविवारी तू दवाखान्यात आलीस आणि मी पळालेच. खाली औषधांच्या दुकानाजवळ उभी राहिले. मनकर्णाकाकू मला शोधत आल्या, माझा हात धरून वर घेऊन गेल्या आणि वाटेत एकच म्हणाल्या, "आता रड, पण तिच्यासमोर नको." मावशीच्या खाटेशी तू एकटीच बोलत होतीस आणि मावशी तुझ्या पोटावर हात ठेवून मान हलवत होती. निघताना तू मला व्हरांड्यात विचारलेस, "वर्षा, आई शेवटी काय बोलली गं?" मी मान फिरवली. तुला वाटले असेल, मला आठवत नाही. आठवते. बोलून दाखवण्याचे बळ नव्हते, म्हणून लिहीत आहे.

आधी माझ्याकडचे सांगते. तुझे बावीस तारखेचे पत्र मला ३ नोव्हेंबरला मिळाले. दसऱ्यापासून मी मावशीजवळच होते, आणि पत्र वसतिगृहाच्या कार्यालयात पडून होते. वेळेवर मिळाले असते तर मी काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. खरे उत्तर असे की, कदाचित तुला आणखी एक पत्र लिहिले असते आणि त्यात 'आठ तारखेऐवजी अलीकडची तारीख सोयीची' असे काही घातले असते. मला सरळ वाक्य लिहिता येत नाही, ताई. फोन तू स्वतः ठेवलास हे वाचल्यापासून मला माझ्याच अक्षराकडे पाहवत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मी त्याच पानावर गुण मिळवत होते.

आणि एक गोष्ट काकूंनाही ठाऊक नाही. रविवारी, एकोणतीसला दुपारी, मावशीने मला खूण केली, "लाव." मी देवानंदभाऊजींना फोन लावला. ते अकोल्याच्या फुलबाजारात होते, मागे लिलावाचा गलका चालला होता. ते ओरडून म्हणाले, "बोल वं वर्षाली, काही अर्जंट हाय का?" मावशी माझ्याकडे पाहत होती आणि तिने बोट ओठांवर ठेवले होते. मी म्हणाले, "नाही, सहजच. खुशीताईशी बोलायचे होते." ते म्हणाले, "मंग सांजच्याले घरी गेलो का लावून देतो." मी "बरे" म्हणाले. हो, अर्जंट आहे. एवढे तीन शब्द म्हणायचे होते. त्याने शपथही मोडली नसती. संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही. तू त्यांना काही बोलू नकोस. त्यांना ठाऊक नव्हते आणि मला होते.

सहापर्यंत मावशीने वाट पाहिली. मी म्हणाले, "मावशी, तू बोल, मी फोनमध्ये भरून ठेवते, ताईला नंतर ऐकवता येईल." ती म्हणाली, "यंत्राले काय सांगू? तिकडून कोणी हं म्हटलं तं बोलता येते." मग म्हणाली, "तूच हं म्हण. तू खुशी." मी पलंगाच्या कडेला बसले. तिने खरोखर कानाशी हात नेला. तिचे बोलणे मी माझ्या भाषेत घालणार नाही. जसे ऐकले तसे लिहिते. तुला त्यात तिचा आवाज ऐकू आला नाही, तर तो दोष माझा.

"हॅलो. खुशी? मी वं, आई. आवाजाकडे ध्यान देऊ नको, दोन दिवसापासून बसला. जेवली का? काय जेवली? अशानं होते का, दुधाचा गिलास रिकामा करत जा, नाक दाबून पी, पण पी. पाय सुजले का? उशीवर ठेवत जा. तुया बाप बरा हाय. संत्र्याचा आंबिया बहार बरा हाय औंदा, फळ लहान हाय, पण गोड हाय. पेटी धाडते. सासूशी तोंड करू नको, तिचा जीव हाय तुयावर, मले फोनवर समजते. भेऊ नको बाई. मागचं मागं गेलं, त्यात तुयं काही चुकलं नव्हतं. फोनाचंही नाई, तुयंही नाई. आयकलं का?"

येथे मी "हं" म्हणाले.

मग ती उशीला टेकली. मला वाटले, दमली. मी पाणी पुढे केले, तर तिने ते हाताने बाजूला सारले आणि अगदी खालच्या, फाटक्या आवाजात, तरी प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाली,

"अन् पोर झालं का मले फोन लावजो. त्याले रडू दे माया कानाशी. मी इकडून काही बोलली नाई तरी ठेवजो नको. मी आयकून राहिली असन."

तुझी,
वर्षाली

(गुरुवार, ९ नोव्हेंबर २०२३, दुपारी सव्वातीन वाजता, विद्यापीठाजवळच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठविले.)